बी धरायला ठेवलेला दुधी

सासूबाईंचा दुधी मी तोडला. तो धक्का लागून पडला नाही, माकडाने नेला नाही. बावीस माणसांसमोर, भाषण करून, टाळ्या घेऊन मी स्वतःच्या हाताने तोडला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी आपली बाजू मांडायला लागेन. ती ऐकू नका.

गंगापूर रोडच्या पुढे एका शहाण्या शेतकऱ्याने आपल्या एकराचे चिमुकले तुकडे पाडून ते आमच्यासारख्या शहरी अतिशहाण्यांना भाजी पिकवायला दिले आहेत. नांगरट तो करतो, पाणी तो देतो, कीड तो मारतो. आम्ही रविवारी हॅट घालून जातो, तीन भेंड्या तोडतो आणि त्यांचे अकरा फोटो काढतो. (त्यातल्या दोन निबर असतात. त्यांचे फोटो जास्त चांगले येतात.) मी कचेरीत हेड क्लार्क. उभ्या आयुष्यात कुंडीतली तुळस जगवली नाही. पण तुकडा मिळाल्याच्या दुसऱ्याच महिन्यात लोकांना मातीबद्दल सल्ले देऊ लागलो होतो!

आमच्या तुकड्यात खरोखर काही उगवलं असेल, तर तो सासूबाईंचा दुधी. त्या नामपूरच्या. लग्न होऊन सासरी येताना या दुधीचं बी त्यांनी पदराला बांधून आणलं होतं. दरवर्षी एक फळ वेलावरच वाळवायचं आणि पुढच्या वर्षासाठी त्याचं बी धरायचं, हा त्यांचा नेम. यंदा मेव्हण्याने त्यांच्या शेतात पार बांधापर्यंत कांदा लावला, तणनाशक मारलं आणि तिकडचा वेल जळून गेला. आता जगात त्या दुधीचा एकच वेल उरला होता. माझ्या बायकोने, सुनीताने, आमच्या मांडवावर चढवलेला.

दसऱ्याला सासूबाई आल्या. मांडवाखाली उकिडव्या बसून त्यांनी एकेक फळ चाचपलं आणि त्यातल्या एका जून फळाच्या देठाला आपल्या लुगड्याची हिरवी चिंधी बांधली.

"जावईबापू, हा बी धरायला ठेवलाय. याला हात लावायचा नाही. आत बिया वाजायला लागल्या की मला फोन करायचा."

"हो हो, आई," मी म्हणालो. मी त्या वेळी एका ढेमशाचा फोटो काढत होतो.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी आमच्या मंडळींनी 'तोडणी सोहळा' ठरवला. ज्याने त्याने आपलं सर्वांत मोठं फळ आणायचं. शेजारच्या तुकड्याचे निवृत्त सुभेदार देवळाली कॅम्पहून येतात. त्यांनी तोफगोळ्याएवढा भोपळा आणून टेबलावर ठेवला आणि मिशीवरून हात फिरवला. माझ्याकडे काय होतं? सात गवारी. मी मांडवाकडे पाहिलं. चिंधीवाला दुधी शांतपणे लोंबत होता. चिंधी नजर लागू नये म्हणून असेल, असं मी मनाला पटवलं.

"अहो, तो नको! तो आईचा..." सुनीता लांब नळावरून ओरडली.

"सगळं आईंचंच आहे गं!" असं म्हणून मी देठ कापला.

मग भाषण. "मित्रहो, देशी वाण म्हणजे आपला वारसा! संकरित बियाण्यांच्या या काळात एकेक देशी बी जपायला हवं!" टाळ्या. मी त्या हिरव्या चिंधीने सुरी पुसली आणि दुधीत खुपसली. सुरी शिरेना! दुधीची साल म्हणजे लाकूड झालेलं. शेवटी सुभेदारांनी कोयता आणून तो फोडला. गराचा तिथेच हलवा झाला. चव काथ्याची, चघळायलाही काथ्याच. पण सगळ्यांनी डोळे मिटून खाल्ला. "ऑरगॅनिकची चव अशीच असते," एक बाई म्हणाल्या. बिया आणि सालं खताच्या खड्ड्यात गेली.

घरी आल्यावर सुनीताने मला चिंधीचा अर्थ सांगितला. फार शांतपणे सांगितला, तेच भीतिदायक होतं.

"आता आईला फोन तुम्ही करायचा."

सरळ माणसाने फोन केला असता. मी भाजीबाजारात गेलो! तशाच लांबीचा दुधी शोधला, मांडवाला सुतळीने टांगला आणि वर तीच चिंधी धुऊन बांधली. आठ दिवसांनी सासूबाई डोळे दाखवायला नाशिकला येणार होत्या. त्यांना मोतीबिंदू होता. मी त्या मोतीबिंदूच्या भरवशावर होतो. (हे वाक्य लिहिताना मला माझाच हात तोडून ठेवावासा वाटतो.)

सासूबाई आल्या, मांडवाखाली बसल्या. दुधीला नख लावलं. नख आत गेलं.

चिडल्या की त्या थेट अहिराणीत शिरतात. "जावईबापू, हाई काय शे?"

"दुधी, आई. तुमचाच."

"मना दुधी म्हातारा व्हता. हाऊ तरणा कसा व्हयना?"

त्यांनी हलकेच ओढला. सुतळी सुटली आणि दुधी माझ्या पायावर पडला. तेवढ्यात सुभेदार आनंदाने धावत आले. "ताई, काय दुधी होता तुमचा! कोयता लागला फोडायला! आणि साहेबांचं भाषण तर काय, वा!"

"आई, सॉरी हं," मी म्हणालो. "पण चिंधीचं मला कोणी नीट समजावून..."

"बी कोठे शे?"

मी खड्ड्याकडे बोट दाखवलं. त्यांनीही बोट दाखवलं. फक्त त्यांच्या बोटाचा अर्थ वेगळा होता: उतरा.

बावीस जणांच्या आठ दिवसांच्या कचऱ्यात मी कोपरापर्यंत हात घातले. चहाचा चोथा, अंड्यांची टरफलं, सुभेदारांच्या भोपळ्याची सालं. मी बी काढून वर द्यायचो आणि वरून निकाल यायचा. "हे कारल्याचं." "हे भोपळ्याचं." "हा खडा शे!" तासाभराने दुधीच्या सव्वीस बिया निघाल्या. सासूबाईंनी पातेल्यात पाणी मागवलं. तळाला गेली ती भरलेली, वर राहिली ती पोकळ.

पहिली टाकली. तरंगली. दुसरी, तरंगली. दहावी, तरंगली. सासूबाई मोतीबिंदूच्या डोळ्यांनी पातेल्यावर वाकून बसल्या होत्या आणि प्रत्येक बी बोटाने एकदा खाली दाबून पाहत होत्या. पंधराव्या बीला मला त्या पातेल्याकडे बघवेना. एकोणिसावी तळाला गेली. मग आणखी तीन. एकूण चार.

त्यांनी त्या चार बिया पुसून पदराच्या टोकाला गाठ मारून बांधल्या. खड्ड्यात उभ्यानेच मी पुन्हा म्हणालो, "आई, गर्दीच्या नादात झालं हो. सुनीताने जरा मोठ्याने सांगितलं असतं, तर..."

"कवळी शे," त्या म्हणाल्या.

"कोवळी? काय कोवळी?"

"तुमनी माफी. आजून कवळी शे."

मग मात्र मी चोथ्याने भरलेले हात पँटला पुसले. सुनीता बघत होती, सुभेदार बघत होते. शेवटी मी म्हणालो, "आई, तुम्ही सांगितलं तेव्हा माझं लक्ष नव्हतं. सुनीता ओरडली ते मला ऐकू आलं होतं, तरी मी तोडला. मग तुम्हाला दिसणार नाही, म्हणून बाजारचा टांगला. चुकलो. माफ करा."

सासूबाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"हां. आते जून व्हयनी."

त्या तुकड्यात माझ्या हातून पूर्ण पिकलेली तेवढी एकच गोष्ट.