मामांना आवडलेली सीट

मामा सीटवरून उठायलाच तयार नव्हते.

"लय भारी हाय," ते म्हणाले. "पण गादी कडक वाटती. बुड टेकवलं की उठावंसं वाटलं नाय पाहिजे माणसाला."

ते बराच वेळ उठले नव्हते, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. मामा पिंपळगाव बसवंतचे, द्राक्षांचं पॅकहाउस चालवतात. त्यांच्यामागे त्यांचा भाचा निखिल आपला नंबर कधी लागतो याची वाट बघत उभा होता. आणि जिच्यासाठी हे वाहन घ्यायचं होतं ती निखिलची आई, कुमुदकाकू, कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर मांडीवर पर्स ठेवून बसली होती.

सातपूर एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. आम्ही रिकंबंट ट्राइक बनवतो. तीन चाकांची सायकलच ती, पण हिच्यावर पाठ टेकून, पाय पुढे लांब करून बसायचं. पेडल समोर असतात. तोल सांभाळायची गरज नाही, त्यामुळे पडायची भीती नाही. सीटचं सगळं काम माझ्याकडे आहे. लोकांना वाटतं, सीट म्हणजे काय, फोम घाला आणि वरून रेक्झिन शिवा. असो.

काकू निवृत्त शिक्षिका. सगळी नोकरी सायकलवर जाऊन केलेली. मग कानाच्या आजाराने तोल जायला लागला आणि सायकल सुटली. आनंदवल्लीत त्यांच्या मैत्रिणींचा रोज दुपारी कॅरमचा डाव असतो. काकू चौथ्या भिडू. निखिलला वेळ असेल तर तो गाडीने सोडायचा. नसेल त्या दिवशी काकू घरी आणि तिकडे तिघी जणी बोर्डावर पावडर टाकून बसलेल्या.

"चालवणार कोण?" मी विचारलं.

"आई," निखिल म्हणाला. "पण आधी आम्ही बघून घेतो."

"काकू, तुम्ही बसून बघा ना."

"नको गं. मुलांना कळतं त्यातलं. मला काय, कशीही चालेल."

इथेच माझं डोकं फिरायला सुरुवात झाली. ट्राइकच्या पुढच्या बाजूला एक पाइप असतो, त्याला बूम म्हणतात. पेडल त्याच्या टोकाला. चालवणाऱ्याच्या पायाच्या लांबीप्रमाणे हा बूम आत-बाहेर करून बसवायचा. त्याबरोबर चेनही कमी-जास्त करावी लागते, म्हणून हे घरी बसून करायचं काम नाही. मी टेप घेऊन काकूंकडे निघाले, तर निखिल आडवा आला.

"माझंच माप घ्या मॅडम. मीपण चालवीन कधीतरी. जरा मोठीच असू द्या."

शाळेचा युनिफॉर्म वाढत्या अंगाचा घेतात, तसं. काकू आता कुठे वाढणार होत्या? मी शिरसाठ सरांकडे बघितलं. युनिट त्यांचं आहे.

"स्मिता, कस्टमर म्हणतो तसं कर," सर म्हणाले. "आणि मामांसाठी जाड फोम, मानेला उशी."

"मामा चालवणार नाहीयेत सर."

"पण निखिल त्यांना विचारून घेतोय ना?"

मी निखिलच्या पायाचं माप घेतलं.

ट्राइक तयार झाली. हार घातला, नारळ फुटला, सीटवर कुंकवाचं स्वस्तिक निघालं. काकू बसल्या. त्यांचे पाय पेडलपर्यंत जेमतेम पोचत होते. मी पुढे झाले, तर सर म्हणाले, "मुहूर्त चाललाय, नंतर बघू." फोटो निघाले. "कशी आहे आई?" निखिलने विचारलं. "छान आहे," काकू म्हणाल्या. जेवण कसं झालंय विचारल्यावर पाहुणे म्हणतात तसं.

काही दिवसांनी ट्राइक टेम्पोतून परत आली. आईची पाठ दुखते, गादी अजून मऊ करा, असा निखिलचा निरोप होता. मी सरांना समजावलं. पेडल लांब पडले की माणूस ते गाठायला पुढे घसरतो. घसरला की कंबर सीटपासून सुटते आणि तिला आधार राहत नाही. त्यात गादी मऊ असली की बूड आणखी रुततं. दोन मिनिटं बसायला मऊ छान. पेडल मारताना मात्र पाठीला टेकायला काहीतरी घट्ट लागतं.

"बरोबर आहे तुझं," सर म्हणाले. "फोम वाढव."

वाढवला. दात-ओठ खात वाढवला. पुढच्या खेपेला ट्राइक आली तेव्हा सोबत निखिल होता.

"आता पायालाही मुंग्या येतात म्हणते. चालवतच नाही. तुम्ही परत घ्या, नाहीतर मी विकून टाकतो. आईला जमत नाही हो आता, वय झालं."

मला इतका राग आला की हातातला पाना मी टेबलावर आपटला. जिने जन्मभर सायकल मारली तिला जमत नाही, आणि का, तर मामांना गादी कडक वाटली होती!

"उद्या काकूंना एकट्यांना पाठवा," मी म्हणाले. "मामा नकोत. तुम्हीपण नकोत."

सर केबिनमधून माझ्याकडे बघून हात जोडत होते. मी तिकडे बघितलं नाही.

काकू रिक्षाने आल्या. पर्स मांडीवर. मी त्यांना सीटवर बसवलं. "कसं वाटतंय?"

"बरं आहे."

"कंबरेला?"

"बरं आहे गं."

"काकू, 'बरं आहे' या मापाचा पाना माझ्याकडे नाही. कुठे दुखतं ते सांगा."

माझं चुकलं असं मला वाटलं. मग त्यांनी पर्स खाली ठेवली.

"पाय पोचत नाहीत. पहिल्या दिवसापासून पोचत नाहीत. कंबरेमागे पोकळ लागतं. पाठ घामाने भिजते. आणि ही मानेची उशी कोणी सांगितली होती? हिच्याने मान खाली जाते, मला समोरचं दिसत नाही!"

"मग बोलला का नाहीत?"

"निखिल किती हौसेने घेऊन आला होता गं."

मी सगळा फोम काढला, उशीही काढली. त्या जागी जाळीची सीट लावली. म्हणजे दोन पाइपांमध्ये ताणलेलं जाळीचं कापड, मागून पट्ट्यांनी हवं तिथे घट्ट करता येतं. वारा खेळतो. कंबरेची पट्टी आवळली. काकू म्हणाल्या, "अजून." पुन्हा आवळली. "अजून थोडी. हां, बास." बूम आत घेतला, चेनच्या कड्या काढल्या. सीटची पाठ थोडी मागे कलती केली, म्हणजे सगळं वजन बुडावर येत नाही. दर वेळी काकू शेडबाहेर फेरी मारून यायच्या आणि नवीन तक्रार आणायच्या. मी इतक्या आनंदाने तक्रारी कधी ऐकल्या नव्हत्या.

शेवटच्या फेरीहून त्या आल्याच नाहीत. फाटकापाशी थांबल्या, मागे वळून ओरडल्या, "निखिलला सांग, न्यायला येऊ नको!" आणि आनंदवल्लीकडे वळल्या. गाडीवाल्यांना लांबून दिसावी म्हणून ट्राइकच्या मागे लावलेला केशरी झेंडा वळणापर्यंत दिसत होता.

निखिल तरीही आलाच.

"आई कुठेय?"

"कॅरमला."

"एकटी? मला विचारलं पण नाही?"

"नाही," मी म्हणाले.

तो फाटकापर्यंत जाऊन रस्ता बघून आला. मग काढून ठेवलेल्या फोमवरच बसला. "मऊ आहे हो हा," म्हणाला.

त्याच फोमचा आम्ही एक बाक करून घेतला. ट्रायलला येणाऱ्याच्या घरची मंडळी आता तिथे, शेडच्या पार दुसऱ्या टोकाला बसतात आणि त्यांना चहा मिळतो. सरांना वाटतं, हे आदरातिथ्य आहे. मामाही एकदा येऊन बसून गेले. त्या सीटबद्दल आजवर एकही तक्रार आलेली नाही.