वार्तापत्रातला फोटो

आमच्या विभागाचं वार्तापत्र वर्षातून दोनदा निघतं आणि त्याला कुत्रं विचारत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात माझा बचाव म्हणून एवढंच होतं. विद्यापीठात अमेरिकन अभ्यासाचा वेगळा विभाग असतो हेच लोकांना माहीत नसतं. आमच्या बदलापूर गावातल्या काकूला अजून वाटतं की मी लोकांना व्हिसा काढून देते. तर अशा विभागात मी तासिकेवर शिकवायचे. तासिकेवर म्हणजे कायम नाही, दरवर्षी नव्याने अर्ज, नव्याने मुलाखत, आणि मधल्या काळात कुणी सांगेल ते काम. वार्तापत्र त्यातलंच. ‘वार्ता आणि उपलब्धी’ नावाचं एक पान असायचं. कुणी कुठे बीजभाषण केलं, कुणाला कुठल्या समितीवर घेतलं, कुणी कुठल्या पाहुण्यांना पुष्पगुच्छ दिला. हो, गुच्छ दिला हीसुद्धा उपलब्धीच. पाच वर्षं मी दुसऱ्यांच्या उपलब्ध्या टाइप केल्या.

माझं स्वतःचं संशोधन जीन्सवर होतं. अमेरिकेत खाणीत आणि शेतात राबणाऱ्यांसाठी शिवलेली पँट आमच्या उल्हासनगरच्या गाळ्यांत कशी येऊन पोचली, ती कोण शिवतं, कोण धुतं, असा विषय. दोन वर्षं मी त्या गाळ्यांत बसले. तिथे एक बाई भेटली, तिला मी मावशी म्हणायचे. नवी पँट जुनी, वापरलेली दिसावी म्हणून तिच्यावर केमिकल मारतात, मग धुतात. मावशी ते काम करायची. कोपरापर्यंत हात निळे. नवरा अंथरुणाला खिळलेला, घरात कमावणारी ती एकटी. धुलाईला परवानगी नव्हती, म्हणून शटर ओढून आत काम चालायचं आणि निळं पाणी मागच्या गटारात सोडायचे.

हे सगळं तिने मला सांगितलं, दाखवलं, पण एका अटीवर. ती म्हणाली, “नाव नको नि तोंड नको. माझं काम गेलं तर तुझी अमेरिका मला जेवायला घालणार नाही.” मी म्हटलं, मावशी, शप्पथ. आणि निबंधात मी शब्द पाळला. तिचं नाव नाही, गाळ्याचा पत्ता नाही, फोटोत फक्त हात.

तो निबंध अमेरिकेतल्या एका परिषदेने निवडला. आमच्या विभागात त्या वर्षी कायम प्राध्यापकांपैकी कुणाचं काहीच निवडलं गेलं नव्हतं, त्यामुळे विभागप्रमुखांना एकदम आठवलं की मी त्यांची आहे. “ही आपल्या सगळ्यांची उपलब्धी आहे,” म्हणाले. आपल्या सगळ्यांची! दोन वर्षांत एकदा तरी उल्हासनगरला आले असते तर मी मानलं असतं. मग त्यांचा मेसेज आला, बातमीसोबत फोटो हवा, लगेच. मी वर्गावर होते. घाईघाईत फोटोंच्या अख्ख्या फोल्डरची लिंक त्यांना पाठवली आणि खाली लिहिलं, ‘सर, फक्त हातांचा फोटो घ्यावा.’

त्यांनी चेहऱ्याचा घेतला. आमच्या दोघींपुरता आठवण म्हणून काढलेला, मी आणि मावशी शेजारी शेजारी, मागे ओल्या पँटींचा ढीग आणि उघड्या दारातून दिसणारं निळं गटार. का, विचारलं तर म्हणे, “हात काय छापायचे? मानवी चेहरा लागतो बातमीला.”

पण हे मी खूप नंतर विचारलं. वार्तापत्र आलं त्या दिवशी मी आधी काय पाहिलं, तर माझं नाव. पाच वर्षांत पहिल्यांदा त्या पानावर माझं नाव. मावशीचा चेहरा मला त्याच क्षणी दिसला होता. तरी मी मनाशी म्हटलं की जाऊ दे, हे वाचतं कोण. आता बोंब मारली तर पुढच्या मुलाखतीला हेच सर समोर बसणार. एवढ्यावर मी थांबले असते तरी चाललं असतं. पण मला मिरवायचं होतं ना. मी ती पीडीएफ घरच्या ग्रुपवर टाकली. आई, काका, आत्या, सगळ्यांचे अंगठे आले, हात जोडलेले आले.

माझा चुलतभाऊ एका साहेबांबरोबर फिरतो. साहेब निवडणुकीला उभे राहायचे होते, पण तिकीट कुठून मिळेल ते नक्की नव्हतं, म्हणून बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, तिन्हीकडे त्यांना आपला चेहरा दिसायला हवा होता. आमच्याकडे कुणाची पोर दहावी झाली तरी अभिनंदनाचा फ्लेक्स लागतो, त्यात पोर एवढीशी आणि साहेब पाण्याच्या टाकीएवढे. तर भावाने ग्रुपवरचा फोटो उचलला आणि फ्लेक्स काढला. ‘जीन्स कामगारांचा आवाज अमेरिकेत पोचवणाऱ्या आपल्या गावच्या सुकन्येचे हार्दिक अभिनंदन.’ तिन्ही गावांत लावला. उल्हासनगरचा तर बरोब्बर मावशीच्या गाळ्यापासून दोन गल्ल्या सोडून.

चौथ्या दिवशी पालिकेची माणसं गाळ्याबाहेर फोटो काढून गेली. त्याच संध्याकाळी गाळ्याच्या मालकाने, सेठने, मावशीला सांगितलं, कलसे मत आना.

भावाशी मी अंगणातच भांडले. “कुणाला विचारून लावलास?” तर तो म्हणाला, “ताई, तुझं नाव मोठं केलं आणि तूच माझ्यावर डाफरतेस? ग्रुपवर तूच टाकलंस ना?” कप्पाळ! दुपारपर्यंत फ्लेक्स उतरवायला लावले. उतरवून काय होणार होतं म्हणा.

सेठकडे गेले. त्याने चहा मागवला, आवाजही चढवला नाही, त्याचाच मला जास्त राग आला. “मॅडम, तुम्ही पढेलिखे लोक. माझ्याकडे अजून बाया आहेत कामाला. एकीसाठी सगळ्यांचं काम बंद करू काय?” मी म्हटलं, तिची चूक नाही, माझी आहे. “तो फिर आपको निकालूं? आप मेरे यहां काम करती हो क्या?” चहा तसाच ठेवून मी निघाले.

मग विभागप्रमुख. त्यांच्या केबिनबाहेर मी अर्धा तास उभी होते, कारण आत तास चालू होता. अमेरिकेतल्या गुलामांनी स्वतः लिहिलेल्या आत्मकथा शिकवत होते. दुसऱ्याच्या वतीने बोलण्याचा हक्क कुणाला, असा प्रश्न मुलांना विचारत होते, आणि आवाज असा भिजलेला की एरवी माझ्याही अंगावर काटा आला असता. मुलं गेल्यावर मी सगळं सांगितलं. ते हळहळले. खरंच हळहळले. आणि मग म्हणाले, “असं करू, त्यांना इथे बोलवू. शाल, श्रीफळ, छोटासा सत्कार. विभाग समाजापर्यंत पोचतोय हेही दिसेल. पुढच्या अंकाला चांगली बातमी होईल.”

मी म्हटलं, “सर, तिचं काम गेलंय.” ते म्हणाले, “म्हणूनच तर.”

मावशीच्या खोलीवर जायला मला आठ दिवस लागले. लाज वाटत होती, दुसरं काय. तिने दार उघडलं, पाणी दिलं, बस म्हणाली. सत्काराचं सांगितलं तर हसलीसुद्धा नाही. “शाल पांघरून काय करू? उन्हाळा आहे.” मग म्हणाली, “तोंड छापलंस ना? आता नाव पण छाप. चोरट्या बाईसारखं नुसतं तोंड कशाला? नाव लिही, अठरा वर्षं काम केलं लिही, हात असे कशाने झाले ते लिही. आता कुणाच्या बापाला भ्यायचंय मला?”

मी त्याच दिवशी लिहायला बसले. पुढच्या अंकासाठी एक पान. तिचं पूर्ण नाव, तिचं काम, आणि आधीच्या अंकातला फोटो तिच्या परवानगीशिवाय छापल्याबद्दल विभागाची जाहीर माफी. प्रमुखांनी ते वाचून परत केलं. नाव देता येणार नाही म्हणाले, संशोधनाची नीती आडवी येते, माहिती देणाऱ्याची ओळख गुप्त ठेवावी लागते. ज्यांनी तिचा चेहरा न विचारता छापला त्यांना आता नीती आठवली होती. त्या दिवशी मी नोकरीची पर्वा सोडली. म्हटलं, “सर, नाव छापलं नाहीत तर मी परिषदेला कळवते की फोटो चोरून छापला, आणि माझा निबंध मागे घेते. मग शोधा उपलब्धी.” आवाज बाहेर कारकुनापर्यंत गेला असणार. तीन आठवडे माझ्याशी कुणी नीट बोललं नाही. शेवटी ते नमले. माफीचे दोन शब्द मऊ केले, पण नाव राहिलं. पान छपाईला गेलं आणि मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाशी तरी भांडून जिंकले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशीचा फोन आला. अंबरनाथला एका गाळ्यात तिला काम लागलं होतं. तेच काम, तेच शटर. “ते नावाचं तू छापलं तर नाहीस ना?” मी म्हटलं, छापायला गेलंय, मावशी, सर ऐकले शेवटी. “काढ,” ती म्हणाली. “इथल्या सेठने आल्या आल्या विचारलं, पोस्टरवाली बाई तूच काय? मी म्हटलं, नाही, दुसरी कुणी असेल.”

मी प्रमुखांना फोन केला. नाव काढा म्हटलं. ते अगदी प्रेमाने म्हणाले, “बघा, मी तुम्हाला आधीच सांगत होतो. या बाबतीत अनुभव लागतो.”

मी म्हटलं, “हो सर.”