बर्फाची वाट आणि आबांचा सल्ला

माझा थोरला भाऊ फौजेत हवालदार होता. नव्वदीच्या दशकात त्याची पलटण लडाखमध्ये, उंचावरच्या बर्फात होती. एकदा ऐन उन्हाळ्यात तो रजेवर आला. इंदापूरच्या स्टँडवर मी त्याला घ्यायला गेले, तेव्हा तो उजवा पाय ओढत एसटीतून उतरला. विचारलं तर म्हणाला, "घरी सांगतो."

घरी आई, आबा आणि मी. आई भाकरी थापत होती. त्यानं सांगितलं, चौकीला रसद नेण्याची वाट बर्फातल्या एका खोल भेगेवरून जाते. भेगेवर बर्फाचाच पूल असतो. तो मे संपेपर्यंत टिकतो, असं धरून सगळं ठरलेलं. यंदा तो एप्रिलातच खचला. पुढचा जवान खाली गेला. दोघं एकाच दोराला होते. भावानं टाच रोवून त्याला धरलं, त्यात घोटा गेला. जवान वाचला, पण पायाची बोटं कापावी लागली.

आबा, म्हणजे आमचे वडील, पूर्वी मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. त्यांनी विचारलं, "मे म्हयना कुणी ठरवला?"

"जुन्या नोंदी हायत, आबा."

"मीबी बापाच्या हिशोबानं दिवाळी झाली की निघायचो. एका साली घाटात पावसानं गाठलं. निम्मी कोकरं गेली. तवापासनं आधी एक माणूस पुढं पाठवायचो. त्यानं वाट बघून सांगितलं, मगच कळप हलवायचा."

 दुसऱ्या दिवशी भावानं साहेबांना हिंदीत अर्ज लिहिला. शुद्धलेखन मी तपासलं. रसद लवकर चढवावी आणि वाट तारखेवर नव्हे, तपासून चालू ठेवावी, एवढंच त्यात होतं.

साहेब आधी रागावले, असं त्यानं वर्षभरानं आलेल्या पत्रात कळवलं. "मोसम आता हवालदार ठरवणार का?" असं म्हणाले. पण पुढच्या साली रसद मार्चमध्येच चढली आणि एप्रिलात वाट बंद झाली. त्या हंगामात कुणी पडलं नाही. वाट तपासायचं काम भावाकडेच आलं होतं.

मी ते पत्र अभिमानानं मोठ्यांदा वाचलं. आईनं मध्येच थांबवलं.

"म्हंजी बर्फावर पयला पाय ह्येचाच?"

"व्हय," आबा म्हणाले.

"तुमी कशाला सांगितलंत त्याला?"