कोंबडी बसलेली जीप

आमच्या अंगणात दीड जीप आहे. एक पूर्ण आहे, पण रंगाला नख लागेल म्हणून तिच्यात बसायला मनाई. दुसरी म्हणजे नुसता सांगाडा, त्याच्यावर मी चादरी वाळत घालते. लोणच्याच्या बरण्यांशेजारी जुने दिवे आहेत, आणि पलंगाखाली काय आहे हे विचारणं मी केव्हाच सोडून दिलंय. नवरा बेळगावात कारखान्यात सुपरवायझर. माणूस निर्व्यसनी. लग्न ठरताना माझ्या वडिलांना याच गोष्टीचं फार कौतुक वाटलं होतं.

बेळगावपासून निपाणीपर्यंत कुठल्या गोठ्यात काय गंजतंय, हे यांना तोंडपाठ. कुणाच्या लग्नाला गेलो तरी पंगतीच्या वेळी हे यजमानांच्या परसात सापडायचे. चिकोडीकडच्या एका लग्नात असेच गायब झाले आणि अक्षता पडून गेल्यावर उगवले ते डोळ्यांत पाणी घेऊनच. मी घाबरलेच.

"अगं, शेजारच्या वखारीत युद्धाच्या टायमाची जीप हाय. अख्खी! कुणी कापलेली न्हाय."

आमच्या भागात जुन्या जीपा सगळ्या वडापला, म्हणजे गावोगावची माणसं वाहायला, लागल्या. माणसं जास्त कोंबता यावीत म्हणून मागून कापून लांब केल्या. त्यामुळे न कापलेली जीप मिळावी म्हणून हे कित्येक वर्षं झुरत होते. आमच्या स्वतःच्या लग्नात यांच्या डोळ्यांत असं पाणी आलं होतं का, ते मला काही आठवेना.

जीपची मालकीण एक सत्तरीची आक्का. तंबाखूच्या त्या रिकाम्या वखारीला लागूनच तिचं घर, आणि घरात ती एकटी. नवऱ्यानं ती जीप मळ्यावर वापरली होती. तो गेला आणि जीप उभी राहिली ती राहिलीच.

"न्या की," आक्का म्हणाली. "बंद पडलेलं लोखंड. जागा आडवून बसलंय."

यांनी लगेच लग्नात मिळालेला नारळ तिच्या हातावर ठेवला. आमच्याकडे असा नारळ घेतला की शब्द पक्का. आक्कानं तो देव्हाऱ्यात ठेवला आणि मग सावकाश सांगितलं, "पर ड्रायव्हरच्या सीटवर कोंबडी खुडूक बसलीया. पिल्लं निघूस्तवर गाडी हलवायची न्हाय."

आम्ही जाऊन पाहिलं. स्टेअरिंगमागे एक तांबडी कोंबडी अंडी घेऊन बसली होती. तिनं आमच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की हे दोन पावलं मागे सरले. कारखान्यात पन्नास माणसांवर ओरडणारा माणूस, कोंबडीपुढे एकदम नरम.

घरी आल्यावर जीप कुठे लावायची यावरून आमचं भांडण झालं. तुळस हलवायची, असं यांचं म्हणणं. मी म्हटलं, आधी मला हलवा. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, अशातली गत. जीप चिकोडीला, जीपमध्ये कोंबडी, आणि आम्ही दोघं दोन दिवस अबोला धरून.

दुसरा कुणी असता तर पिल्लं निघाल्यावरच गेला असता. पण यांना दम कुठला! दर रविवारी निघायचे. आक्काची भाकरी आणि खर्डा एकदा चाखल्यावर मीही निघायला लागले. पहिल्यांदा हे नुसतं बघायला म्हणून गेले. मग प्लग काढून इंजिनात तेल सोडलं, "जाम सुटतोय का बघतो" म्हणून. मग हवा, मग वायरी. कोंबडी सीटवर आणि हे बॉनेटमध्ये डोकं घालून, दोघंही खुडूक. आक्का आणि मी उंबऱ्यात बसून शेंगा फोडत दोघांवरही हसायचो.

कार्बुरेटर मात्र कुजलेला निघाला. यांनी काय करावं? आमच्या अंगणातल्या जीपचा, शोधून शोधून मिळवलेला कार्बुरेटर काढून पिशवीत टाकला. माझ्या सख्ख्या भावाला या माणसानं कधी एक नट दिला नव्हता.

"दोन्ही आपल्याच की गं," हे म्हणाले.

विकत घेण्याआधी वस्तू दुरुस्त करू नये, हे भंगारवाल्यालासुद्धा कळतं. पण मीही त्या वेळी काही बोलले नाही. खर्डा खात होते.

पिल्लं निघाली. पुढच्या रविवारी दुपारी टेम्पो यायचा ठरला. आम्ही सकाळीच पोचलो. सीट रिकामी होती. हे म्हणाले, चढवायच्या आधी एकदा चालू करून बघू. टाकी सडलेली, म्हणून पेट्रोलची बाटली वर टांगून नळी जोडली आणि हँडल मारायला लागले. घाम निघाला, शिव्या निघाल्या. आणि अचानक जीप खोकली, थरथरली आणि चालू झाली. वखारीतली कबुतरं उडाली. हे लहान पोरासारखे टाळ्या वाजवत माझ्याकडे वळले.

आक्का दारात आली. तशीच परत आत गेली. बाहेर आली ती चांगलं लुगडं नेसून, पायात वहाणा घालून. सरळ जीपपाशी गेली आणि ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर चढून बसली. पदर सारखा केला, समोरची दांडी धरली आणि पुढे बघत राहिली. ड्रायव्हरची जागा मोकळीच होती.

यांनी बंद करायला हात पुढे केला.

"बंद करू नगा," ती म्हणाली. "जरा ऱ्हाऊ द्या."

आम्ही उभे राहिलो. मला रडू आलं, ते मी धुरावर ढकललं. टेम्पोवाला आला, त्याला यांनीच हातानं थांब म्हणून खुणावलं. बाटलीतलं पेट्रोल संपेपर्यंत जीप चालू होती. मग ती आपोआप थांबली आणि आक्का खाली उतरली. घरातून नारळ आणून तिनं यांच्या पुढ्यात धरला. मान वर होत नव्हती तिची.

"चालती गाडी कोण इकतंय, अण्णा?"

यांनी दोन्ही हातांनी नारळ घेतला. टेम्पोवाल्याला भाडं देऊन परत पाठवलं, पाने एकेक पुसून पिशवीत भरले. मी वाट बघत होते, आता कार्बुरेटर काढतील. हे आमच्या रोजच्या गाडीत जाऊन बसले.

रस्त्याला लागल्यावर मी विचारलं, "आणि आपला कार्बुरेटर?"

"चालत्या गाडीतनं कोण काढतंय?" हे म्हणाले.

संकेश्वर गेलं, काकती मागे पडली, तरी मी त्यांना एकही टोमणा मारला नाही.