जर्मनीची एकच जागा

आई गेली त्याच आठवड्यात धुळ्याला मुलाखत होती.

जळगावच्या आमच्या कॉलेजात जर्मन शिकणाऱ्या मुली मोजक्याच. तिकडे जायचे मार्ग सरांनी सुरुवातीलाच समजावले होते. उन्हाळ्यातला चार आठवड्यांचा भाषावर्ग, नाहीतर एखाद्या कुटुंबात राहून वर्षभर त्यांची मुलं सांभाळणं, नाहीतर पदवीनंतर स्वतःच्या बळावर पुढचं शिक्षण. आणि तिथल्या विद्यापीठातलं सहा महिन्यांचं सत्र, राहण्याखाण्यासकट. त्याला आमच्या भागातून एकच जागा होती. ती माझी, असं वर्ग धरून चालला होता. मीही.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी मी घरात विषय काढला. आत्या भिंतीला टेकून बसली होती.

"दहा दिन ते आठेच बस, पोरी," ती म्हणाली. "बठ्ठी गल्ली देखस." सुतकात दहा दिवस घरातच बसायचं, सगळ्या गल्लीचं लक्ष असतं.

वडील दिव्यात तेल घालायला उठले. सरांना फोन केला, तर तारीख बदलता येणार नव्हती. धुळ्याच्या बसमध्ये माझी शाळेपासूनची मैत्रीण बसली. तिचे निबंध मी दुरुस्त करून द्यायचे, भाषांतरं तर करूनच द्यायचे. जागा तिला मिळाली.

निघण्याआधी ती आईबरोबर पिंप्राळ्याला आमच्या घरी भेटायला आली. "तिकडे काय खाईल कोण जाणे, भाकरीला कळण्याचं पीठ बांधून देतेय," तिची आई म्हणाली आणि बोलता बोलता लेकीच्या खांद्यावरचा केस काढून टाकला. मी त्या जागेवर जळत होते आणि त्या हातावरही. कशावर जास्त, ते मला अजून सांगता येत नाही.

आमच्याकडे दुःखाच्या घरून उठताना पाहुणा 'येतो' म्हणत नाही आणि घरचेही 'या' म्हणत नाहीत. गप्प उठायचं, चपला घालायच्या, निघायचं. सहा महिन्यांसाठी परदेशी चाललेली मुलगी एक शब्द न बोलता दाराबाहेर पडली. मला 'सुखरूप जा' म्हणावं लागलं नाही, याचं मला बरंच वाटलं.

नंतर तिचे स्टेटस मी बघायचे, तेही बघितल्याचं तिला कळणार नाही अशी सोय करून. बर्फ, ट्राम, ग्रंथालय. ग्रंथालयाचा फोटो मोठा करून मी कपाटातल्या पुस्तकांची नावं वाचत बसायचे.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला.

"रागावलीस ना?"

"नाही."

"खोटं. त्या दिवशी आईनं दम दिला होता, उठताना तोंड उघडायचं नाही म्हणून. नाहीतर तुला रडवूनच गेले असते."

"काम काय ते बोल."

"इथल्या बाईंना तुझं सांगितलंय. पुढच्या सत्रात आणखी एक जागा निघतेय, मुलाखत व्हिडिओवर घेतील. नाही म्हणालीस तर तुझी भाषांतरं माझी म्हणून खपवीन."

"तशीही खपवलीच आहेस."

ती हसली. मला हसू आलं नाही.

वडिलांना सांगितलं. "वर्षश्राद्धाचं मी बघतो," ते म्हणाले. "तू जा."

मी हो कळवलं आहे. मुलाखतीची भीती नाही. पण निवड झाली तरी मी पोचेन तेव्हा ती परतलेली असेल, आणि त्या बाई मला ओळखतील ते तिची मैत्रीण म्हणून. कुठली ट्राम घ्यायची, हेही मला तिलाच विचारावं लागेल. आणि ती सांगेल, अगदी आनंदानं सांगेल.