विमलताईंची छोटी गाडी

बालवाडीत मी मुलांना खाऊ वाटत होते. फाटकाशी विमलताईंची शेजारीण येऊन उभी राहिली आणि तिनं डोळ्यांना पदर लावला... आदल्याच दिवशी मी दवाखान्यात त्यांना भेटून आले होते. ताप उतरलाय, सोमवारी येते, असं विमलताई म्हणाल्या होत्या. त्या गेल्या, त्याला आता महिना उलटून गेला.

चिंचवडच्या या बालवाडीत आम्ही दोघी बरोबरच लागलो. त्या मूळच्या दिघीच्या, बोलण्यात ‘व्हय-न्हाई’ तसंच राहिलेलं. यजमान दादाराव बार्शीकडचे, एका कारखान्यात कामाला. तिथं ॲसिड उडालं आणि त्यांचे दोन्ही डोळे गेले. धडधाकट माणूस भिंतीकडे तोंड करून बसू लागला. जेवा म्हटलं की जेवायचे. बोलणं जवळजवळ थांबलंच होतं.

बालवाडीत एकात एक बसणारे प्लॅस्टिकचे ठोकळे होते. त्यांतले झिजलेले, सैल झालेले ठोकळे विमलताई मोठ्या बाईंना विचारून घरी घेऊन गेल्या. दादारावांचे वडील बार्शीच्या छोट्या, अरुंद रुळांच्या रेल्वेवर कामाला होते. दादारावांचं सगळं लहानपण त्या गाडीच्या आवाजात गेलेलं. विमलताईंनी ती कधी पाहिलीसुद्धा नव्हती. तरी अंदाजानं एक डबा आणि थोडे रूळ जोडून त्यांनी नवऱ्याच्या हाती दिले. दादारावांनी डबा चाचपला, रूळ चाचपले आणि चिडून म्हणाले, “हे तर मोठ्या लाइनीचं झालं. आमच्या गाडीचे रूळ एकमेकांपासून इतके लांब नसतेत.”

दुसऱ्या दिवशी मला हे सांगताना विमलताई हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या. “चिडले, पर बोलले की ओ.”

मग रोज संध्याकाळी ते सांगायचे आणि या जोडायच्या. रूळ जवळजवळ, डबा मात्र अंगानं रुंद. वळणावर हमखास कलंडायचा. डब्याच्या पोकळ तळात लोखंडी नट भरले तेव्हा कुठं तो उभा राहिला. चाकं सदऱ्याच्या बटणांची. इंजिनासाठी काळे ठोकळे नव्हतेच. “कुठल्या रंगाचं केलंस?” दादारावांनी विचारलं. विमलताईंना खोटं बोलणं जमायचं नाही. “खाली लाल, वर पिवळं.”

“म्हंजे इंजिनाला हळदीकुंकू लावलंस,” ते म्हणाले आणि अपघातानंतर पहिल्यांदाच हसले.

पुढं दिवाळीच्या सुट्टीत त्या दादारावांना घेऊन कुर्डुवाडीला निघाल्या. डोळे नसलेल्या माणसाला एवढ्या लांब कशाला फरपटायचं, असं म्हणून घरच्यांनी नावं ठेवली. विमलताईंनी ऐकलं नाही. स्टेशनात उतरून त्यांनी दोन रुळांमधलं अंतर वितीनं मोजून घेतलं. तिथून बार्शीची छोटी गाडी सुटली तेव्हा खिडकीशी बसल्या त्या, पण बाहेरचं सांगत होते दादाराव... आता ओढा येईल, आता बाभळी, आता गाडी वळेल. “सगळं तसंच येत गेलं बघा,” परत आल्यावर त्या मला म्हणाल्या. त्या प्रवासानंतर दादाराव घराबाहेर पडू लागले, विमलताईंच्या खांद्यावर हात ठेवून.

गेल्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेले. गाडीचा एक डबा मोडला होता. दादाराव खाली बसून तो स्वतः जोडत होते. “बाई, जरा बघता का, सरळ हाय का?” एक बाजू उचललेली होती. मी तसं सांगितलं. त्यांनी ठोकळे सुटे केले आणि पुन्हा जोडायला घेतले. मग म्हणाले, “शनिवारी बालवाडीत न्याल का मला? तिची पोरं वाट बघत असतील.”

मुलं खरंच वाट बघत होती; आमच्या बाई कधी येणार, हे रोज विचारत होती, आणि मी त्यांच्या हातात खाऊ ठेवून विषय बदलत होते. शनिवारी दादारावांनी खरं ते सांगितलं. विमलबाई वारल्या, आता येणार न्हाईत, असं सरळ, हळू आवाजात. मग त्यांनी पिशवीतून गाडी काढून सतरंजीवर मांडली आणि एकेकाला जवळ बोलावून, डोळे मिटायला लावून, तिच्यावरून हात फिरवायला लावला.

“ही कुणी केली?” एका मुलीनं विचारलं.

“तुमच्या बाईंनी.”

“बाईंनी खरी गाडी बघितली होती?”

“एकदाच,” दादाराव म्हणाले. “मला मात्र रोज दाखवली.”