एकोणतिसाव्या रोज्याची साक्ष

अर्धी टेकडी चढून झाली होती, तेव्हा मामांनी माझा दंड धरला. मला वाटलं, दम लागला. दिवसभराचा रोजा, त्यात सत्तरी उलटलेली. मी म्हटलं, "बसू या का जरा?"

"बसायचं नाही. समोर खड्डा आहे का सावली, तेवढं सांग."

समोर खड्डाही नव्हता आणि सावलीही नव्हती. वाटेत कुणीतरी टाकलेलं काळं पोतं होतं. मी हसले. "पोतं आहे मामा! अख्खं गाव तुम्हाला दुर्बीण म्हणतं आणि तुम्हाला पोतं ओळखू येईना?"

एरवी त्यांनी मला उलट टोमणा मारला असता. आज हसलेही नाहीत आणि माझा दंडही सोडला नाही.  

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. एक्केचाळीस वर्षं घड्याळदुरुस्ती केली. दुकान एवढंसं, की गिऱ्हाईक आत आलं तर मामांना गुडघे आवरून बसावं लागायचं. उजव्या डोळ्याला भिंग लावून ते घड्याळाच्या पोटात असं डोकं घालायचे, की चहा गार होऊन त्यावर साय धरली तरी वर बघायचे नाहीत. घरात कधी खसखशीएवढा स्क्रू पडला तर आम्ही सगळी पोरं जमिनीवर सरपटत शोधायचो आणि हे उभ्या उभ्या सांगायचे, "खुर्चीच्या मागच्या पायाशी आहे, आंधळ्यांनो."

म्हणून तर चंद्राचं काम त्यांच्याकडे आलं. रमजानचे रोजे एकोणतीस की तीस, हे चंद्रावर ठरतं. एकोणतिसाव्या संध्याकाळी चंद्र दिसला तर दुसऱ्या दिवशी ईद, नाही तर आणखी एक रोजा. आमच्या मशिदीत कॅलेंडर चालत नाही, डोळ्यांनी पाहिलेलं चालतं. टेकडीवर जायचं, चंद्र बघायचा, सोबत आणखी एकानं बघायचा आणि दोघांनी मौलवींसमोर अल्लाहला स्मरून सांगायचं की आम्ही पाहिला. मामांनी ही साक्ष बावीस वर्षं दिली; अलीकडे दुसरा साक्षीदार म्हणून गावचा दूधवाला असायचा.

नवे कपडे, सकाळची नमाज, गळाभेट, कबरीवर जाऊन येणं, हे जगात सगळीकडे सारखंच. दिवस मात्र सारखा नाही. मामांची मुलगी बर्फाच्या देशात असते. तिथे नमाजेला खेळाचा हॉल भाड्यानं घेतात आणि तारीख गणितानं सहा महिने आधी ठरते. माझा मावसभाऊ वाळवंटातल्या शहरात क्रेन चालवतो. तिथे सरकारनं टीव्हीवर सांगितलं की ईद. त्यांचे फोन आले की मामा विचारायचे, "तुमचा चंद्र कुठल्या दुकानातून आणता रे? आमचा ताजा असतो." त्या दिवशी सकाळीच मुलीचा फोन आला होता, "अब्बा, आमची आजच ईद!" मागे पोरांचा गलका, कुणीतरी ईद मुबारक म्हणून ओरडत होतं. मामा नुसतं "बरं" म्हणाले आणि त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

मी शाळेत शिकवते, म्हणून मामा मला मास्तरीण म्हणतात. पोतं ओलांडल्यावर ते चालता चालता म्हणाले, "मास्तरीण, गेल्या वर्षी मी चंद्र पाहिलाच नव्हता बहुतेक."

मी थांबले. ते थांबले नाहीत, म्हणून मलाही चालावं लागलं.

"ढग होते. दूधवाला ओरडला, तो बघा! मी बघितलं. पांढरं काहीतरी हललं. मी मान डोलावली. पुढे दोन महिन्यांनी एका बाईचं घड्याळ आलं, तर मला आतली स्प्रिंगच दिसेना. डॉक्टरकडे गेलो. तो म्हणाला, डोळ्याचा पडदा खराब झालाय, दोनतीन वर्षं तरी झाली असतील." पायानं वाट चाचपत ते पुढे सरकले. "दोनतीन वर्षं, पोरी. म्हणजे तेव्हाही."

नदीपलीकडच्या गावानं गेल्या वर्षी ईद एक दिवस उशिरा केली होती. तेव्हा आम्ही त्यांनाच हसलो होतो.

"मी माझा एक रोजा नंतर गुपचूप धरला," मामा म्हणाले. "बाकीच्यांचं काय? तुझी आई त्या दिवशी माझ्या शब्दावर जेवली."

आई हिवाळ्यात गेली.  मी म्हटलं, "तिनं विश्वासानं केलं मामा. तिला त्याचा दोष नाही."

"मग कुणाला?"

 मी विचारलं, "मौलवींना का नाही सांगितलंत?"

"चार वेळा दारापर्यंत जाऊन आलो. चपला काढायचो आणि पुन्हा घालायचो."

"मग आज वर का चाललोय आपण?"

"वाटलं, दिसेल." ते लहान मुलासारखं म्हणाले. "आणि नाही आलो असतो तर लोकांनी विचारलं असतं, का नाही आलात. आज हो म्हणालो आणि चंद्र नसला, तर सगळ्यांचा रोजा बुडेल. नाही म्हणालो आणि असला, तर ईदच्या दिवशी सगळं गाव रोजा धरेल. तोही गुन्हाच. सांग, कुठे जाऊ?"

वर पाण्याच्या टाकीपाशी दहाबारा लोक आधीच जमले होते. शिंपीणबाई आपल्या सुनांना घेऊन आल्या होत्या. "या दुर्बीण, लवकर दाखवा," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे अजून सतरा कपड्यांना बटणं लावायची आहेत. ईद उद्या की परवा, ते कळलं म्हणजे रडायचं की झोपायचं ते ठरवते." सगळे हसले. मामा टाकीला पाठ लावून उभे राहिले.

खालून अजान ऐकू आली. आम्ही खजूर तोंडात टाकून पाणी प्यायलो.  पश्चिमेला ढगांमध्ये जेमतेम हातभर फट होती आणि सगळ्यांचे डोळे तिथेच लागले होते. मीही बघत होते. एकदा वाटलं, आहे. पापणी लवली, नाही. मला चंद्रापेक्षा मामांचा श्वास जास्त ऐकू येत होता.

"तो बघा!" दूधवाला ओरडला. "फटीच्या खाली! मामा, दिसला ना?"

सगळे मामांकडे वळले. वर बघायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. शिंपीणबाईंच्या धाकट्या सुनेनं तर ओढणी डोक्यावर घेऊन दुवेला हात उचललेसुद्धा.

"तुला दिसला का?" मामांनी विचारलं.

"तुम्हाला दिसला ना? झालं तर."

"माझं सोड. तुला दिसला का? माझ्याकडे बघू नकोस, वर बघ."

दूधवाल्यानं वर बघितलं. फट मिटत आली होती. "दिसला होता... म्हणजे रेघ होती. तुम्ही सांगा ना मामा, तुमच्यापुढे आमचे डोळे ते काय!"

मामांनी माझा दंड इतका घट्ट धरला, की दुसऱ्या दिवशी तिथे वळ होता. "मला काही दिसलं नाही," ते म्हणाले. "मला तुझं बोटही नीट दिसत नाही, दूधवाल्या."

 मग दूधवाला हळूच म्हणाला, "आणि गेल्या वर्षी?"

"गेल्या वर्षी तू ओरडलास, म्हणून मी मान डोलावली."

"अहो, पण मी तर तुम्ही मान डोलावलीत म्हणून साक्ष दिली!" त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "मला तेव्हा काही धड दिसलंच नव्हतं. म्हटलं, मामांना दिसला म्हणजे असणारच."

शिंपीणबाई मटकन कट्ट्यावर बसल्या.  माझ्या मनात आईचं ते ताट आलं, त्या सकाळचं. मी मनातल्या मनात तिच्यासाठी माफी मागितली आणि नेमकी कशाची मागते आहे तेही मला कळेना.

मौलवींचा फोन आला. मामांनी घेतला नाही. "समोर जाऊन सांगायचं असतं," ते म्हणाले आणि माझा आधार घेत उतरू लागले.

दूधवाला धावत मागून आला. "मामा, ऐका. आज चंद्र दिसला नाही, एवढं खरंच आहे. ढग होते म्हणू. गेल्या वर्षीचं कशाला उकरायचं? लोक आपल्याला उभं करणार नाहीत दारात."

मामांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.  खालच्या दिव्यांमध्ये मशीद दिसू लागली. दारात माणसं वाट बघत उभी होती. शेवटच्या वळणावर मामा थांबले, दूधवाल्याला त्यांनी पुढे जाऊ दिलं आणि मग माझ्या कानाशी आले.

"मी घाबरट माणूस आहे, पोरी. आत गेल्यावर मी ढग होते एवढंच बोललो आणि खाली बसलो, तर तू दारातून मोठ्यानं सगळं सांग. माझं नाव घेऊन सांग. सांगशील?"